तिसरा कप

मी देवाचं काम करायला परदेशी निघाले तेव्हा आईने बॅगेत जाड स्वेटर कोंबले आणि वर म्हणाली, "देव सगळं बघून घेईल, पण थंडीचं तुझं तू बघ." आईचं नेहमी असंच. श्रद्धा आहे, पण हिशोबात आहे.

तिकडच्या थंडीने आईच्या स्वेटरांना पहिल्याच दिवशी हसून दाखवलं. मला न्यायला आलेल्या थोरलीने मला नखशिखान्त पाहिलं, खोलीवर नेलं आणि दारामागच्या खुंटीवरचा निळा लांब कोट काढून माझ्या अंगावर चढवला. कोट मला इतका बरोबर बसला की मलाच राग आला. बाह्या मनगटाशी नेमक्या थांबत होत्या, खांदे खांद्यावर. एका खिशात घडी घातलेला रुमालसुद्धा होता.

"कोणाचा गं ताई?"

"तुझ्या आधीच्या धाकटीचा," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली. भांडी स्वच्छ होती.

थोरली आणि धाकटी म्हणजे काय ते सांगते. आमच्या संस्थेत प्रचाराला कोणी एकटं जात नाही. एक जुनी, एक नवी, अशी जोडी असते. जोडीने उठायचं, जोडीने गुडघे टेकायचे, जोडीने फिरायचं, आणि एकीने दुसरीला नजरेआड करायचं नाही. न्हाणीघरापुरती काय ती सूट. आमच्या नावांना वस्तीतल्या लोकांची जीभ वळत नसे, म्हणून जी जुनी ती थोरली आणि जी नवी ती धाकटी. माझ्या आधीची धाकटी होती, तिच्या आधीची धाकटीच होती. नाव काय, पलंग काय, कोट काय, सगळं आयतं मिळालं. आधीची मुदत संपवून घरी गेली असणार, असं मी धरून चालले. जोडीदारिणी बदलत राहतात, त्यात विचारण्यासारखं काय?

दिवस सगळे एका साच्याचे. सकाळी दोन पलंगांच्या मधल्या सतरंजीवर प्रार्थना, मग चहा-पाव, मग पाठांतर. दुपारपासून दारं ठोठावायची. कोणी ऐकून घ्यायचं, कोणी आत भांडण चालू आहे म्हणून बाहेरूनच वाटेला लावायचं, एकाने तर "देव झोपलाय, उद्या या" म्हणून दार लावून घेतलं होतं. मला हसू यायचं. थोरलीला कधीच नाही. ती चांगली होती, माझ्या टाचेला फोड आला तर स्वतः पट्टी बांधायची, पण तिच्या चेहऱ्यावर कोणीतरी पडदा ओढून ठेवल्यासारखं वाटायचं.

आणि तिची एक खोड होती. जिना असो, गल्ली असो, ती पुढे चालायची आणि कध्धी मागे वळून पाहायची नाही. मी पडले काय, राहिले काय, हिला पत्ता नाही. नजरेआड करू नका म्हणे! एकदा मी चिडून म्हणाले, "ताई, मी मागे आहे की नाही एवढं तरी बघत जा." ती पुढे बघतच म्हणाली, "पाय ऐकू येतात मला."

रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जायचो, तिथले लोक प्रेमाने हात पुढे करत यायचे, कोटाकडे बघायचे आणि बोलता बोलता गप्प व्हायचे. मला वाटायचं, माझी मोडकीतोडकी भाषा ऐकून घाबरतात बिचारे.

शिवणाच्या आजींकडे मी पहिल्यांदा गेले ती आठवण अजून अंगावर येते. आजी पूर्वी कोटांच्या कारखान्यात अस्तरं शिवायच्या. डोळे त्या कामातच गेले. आता नुसता उजेड-अंधार कळायचा. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक खिडकी, एक पलंग, आणि दाराजवळ एक बुटकं स्टूल. जिना उतरणं जमत नसल्यामुळे खाली काय चाललंय ते त्यांना आम्ही सांगू तेवढंच कळायचं.

दार उघडलं तशा आजी हात पुढे करून आल्या. थोरलीचा हात चाचपला, मग माझी बाही. बोटं कोटाच्या अस्तरावर गेली आणि तिथेच थांबली. ते अस्तर त्यांनीच नुसत्या हाताच्या अंदाजाने बदलून दिलेलं होतं, हे मला मागाहून कळलं.

"आलीस गं बाई!" आजींचा आवाज फुटला. "बरी झालीस ना? किती दिवस वाट बघायला लावलीस!"

मी थोरलीकडे पाहिलं. आमच्या थोरलीने आयुष्यात खोटं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. बसचा तिकीटवाला विसरला तर मागे पळत जाऊन तिकीट काढणारी बाई ती. तिने ओठ मिटले, उघडले आणि म्हणाली, "हो आजी. आली."

"अगं पण मी..." मी तोंड उघडलं.

"आवाज घोगरा झालाय हिचा," आजी म्हणाल्या. "आणि भाषा पण तापात विसरलीस होय? असू दे, असू दे. जीव वाचला ना, मग भाषा येते परत."

खाली उतरल्यावर मी थोरलीला धरलंच. ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कशाला गोंधळात टाकायचं? तीही धाकटीच होती आणि तूही धाकटीच आहेस." मला ते पटलं नाही. पण नवी होते, परकी होते, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की माझी जीभ रेटेना.

मग दर आठवड्याला जाणं सुरू झालं. आजींचं सगळं ठरलेलं. "या गं, या सगळ्या" म्हणत दार उघडायच्या आणि आम्ही आत आलो तरी बराच वेळ तसंच धरून उभ्या राहायच्या. मग हळूच लावायच्या. दिसत नाही, म्हणून सावकाश करतात, असं मी म्हणायची. मग तीन कप. स्वतः आजी चहा घ्यायच्या नाहीत, पित्त होतं म्हणून. दोन कप आमच्या हातात द्यायच्या आणि तिसरा नेऊन दाराजवळच्या स्टुलापाशी, शेजारच्याच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या.

"तो कोणाला, आजी?" मी पहिल्या वेळी विचारलं.

"पिऊन टाक म्हणावं गार व्हायच्या आत," आजी म्हणाल्या.

थोरली बायबल चाळत होती. आजींना विसरायला होतं, एक कप जास्त पडतो, एवढाच मी अर्थ लावला. थंडी अशी की हाडं वाजायची, आणि चहा असा वाया घालवायचा? मी उठून तो तिसरा कप पिऊन टाकायची. दर खेपेला. आईने पाहिलं असतं तर लाज काढली असती.

पण त्या खोलीत मला कधी बरं वाटलं नाही, हेही खरं. थोरली वाचायला लागली की माझी पाठ दाराकडे व्हायची आणि पाठीला सतत जाणवायचं की कोणीतरी ऐकतंय. मी वळून बघायची. स्टूल असायचं, दार असायचं. घरी, सतरंजीवर, मी डोळे मिटून "आमच्या बापा" म्हणायची आणि माझ्या आवाजाखाली कोणाचा तरी श्वास चालू असल्याचा भास व्हायचा. लहानपणापासून देव जवळ आहे असं शिकले होते, आणि मला ते आवडायचं. आता कोणीतरी खरंच इतकं जवळ होतं, तर मी डोळे उघडून बाजूला सरकायची. हा देव नाही, हे मला कळत होतं. मग कोण, हे कळत नव्हतं. आईशी दर आठवड्याला फोनवर बोलायची तेव्हा मी हवापाण्याचं बोलून वेळ काढायची.

अशातच आजींनी एके दिवशी जाहीर केलं, "या रविवारी मी बाप्तिस्मा घेणार. खुर्चीत बसवून उतरवा मला. आणि साक्ष धाकटीने द्यायची."

आमच्यात रीत अशी की ज्याच्यामुळे माणूस विश्वासात आलं, त्याने पाण्यात उतरताना त्याचा हात धरायचा आणि सगळ्या हॉलसमोर उभं राहून सांगायचं, कसं घडलं ते. देवाला साक्षी ठेवून. थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. गडबडीत माझा कप कलंडला आणि चहा सगळा कोटावर सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घेऊन आम्ही खालच्या लाँड्रीत गेलो. थोरली बाहेर फुटपाथवर कोणाशी तरी बोलत थांबली, मी दारातून तिला दिसत होते. लाँड्रीवालीने कोट उलटा केला आणि तिचे हात थबकले.

"हा अजून आहे?" ती म्हणाली. "मीच धुतला होता मागच्या वेळी. ती पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. अंगावर पांघरून झोपली होती म्हणे, गारठ्याने. तुम्हाला वापरायला दिला?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं होय?"

खुंटी, रुमाल, हॉलमधले गप्प होणारे लोक, "बरी झालीस ना". सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. मी स्वेटरवरच बाहेर आले आणि थोरलीचा दंड धरून तिला जवळजवळ ओढत खोलीवर नेलं.

"ती मेली. आणि तू मला तिचा कोट घातलास!"

थोरली सतरंजीवर बसली. पडदा फाटावा तसा तिचा चेहरा फाटला.

"ताप होता तिला. फार नव्हता," ती म्हणाली. "आजींकडे जायचा वार होता. ती म्हणाली, तू एकटी जाऊन ये, म्हातारी वाट बघेल. मी नियम मोडला. एकदाच. तिला इथे ठेवून गेले. आजींनी विचारलं, धाकटी कुठाय? मी सांगितलं, ताप आहे. आजींनी तोवर देवाचं नाव कधी घेतलं नव्हतं, आम्ही वाचायचो ते गंमत म्हणून ऐकायच्या. त्या दिवशी त्यांनी माझे हात धरले आणि मोठ्याने म्हणाल्या, 'तू असशील तर तिला परत माझ्या दारात येऊ दे. मी तुझी होईन.' मी धावत घरी आले, तिला सांगायला. ती..."

पुढे तिला रडू कोसळलं. मलाही रडू फुटलं, पण रागही तेवढाच होता.

"म्हणून तिच्या जागी मला उभी केलीस?"

"मी आजींकडे जाणंच टाकलं होतं. मग तू आलीस. कोट दिला तो खरंच थंडीसाठी, शप्पथ घ्यायची नसते पण घेते. आजींनी बाही धरली आणि विचारलं, आलीस? त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता. मी नाही म्हणाले असते तर त्यांच्या हातून माणूसही गेलं असतं आणि देवही."

"आणि रविवारी? हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी बोलेलच. भर पाण्यात कळू दे का त्यांना? आणि मी काय साक्ष देऊ? देवाला तोंडावर फसवू?" माझा आवाज चढला. "मला नाही जमणार, ताई. मी आजच सांगणार. त्यांनी देवाला सोडलं तर सोडू देत."

म्हणताना मी तोऱ्यात म्हणाले, पण जीव टांगणीला लागला होता. त्या बाईने सगळं आयुष्य अंधारात सुया ओवून काढलं होतं आणि म्हातारपणी तिला एक आधार सापडला होता. तो मी जाऊन काढून घेणार होते. मी प्रार्थना करायला गुडघे टेकले तर शब्दच येईनात. लाँड्रीवालीने डाग काढून, वाळवून दुपारी कोट दिला. मला तो घालायची शिसारी आली. पण मग वाटलं, सांगायचं तर हा अंगावर असतानाच सांगायला हवं, ज्याच्यावरून फसवलं तो तरी त्यांच्या हातात द्यायला हवा. मी तो घातला.

जिना चढताना थोरली पुढे, मी मागे. आजींनी दार उघडलं, "या गं, या सगळ्या", आणि नेहमीसारखं धरून उभ्या राहिल्या. मग तीन कप आले. तिसरा स्टुलापाशी ठेवून आजी पलंगावर बसल्या आणि त्यांनी माझी बाही धरली.

"आजी, मी ती नाही," मी म्हणाले. "मी दुसरी आहे. नवी. हा कोट तिचा. तुमची धाकटी वारली, आजी. त्याच तापात. तुम्ही प्रार्थना केलीत त्याच दिवशी."

आजींची बोटं अस्तरावर होती, ती तशीच राहिली. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"खरं?" त्यांनी थोरलीच्या दिशेने विचारलं.

"खरं, आजी."

"एकटी होती?"

"एकटी होती." थोरलीचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच कसंतरी झालं. "मी इथे होते."

आता ही बाई आपल्याला हाकलून देणार, या विचाराने मी उठायच्या बेतात होते. आजींनी मान हलवली, एकदा, दोनदा, स्वतःशीच काही जुळवत असल्यासारखी.

"म्हणजे नवी तू?"

"हो आजी."

"मग ती कोण?"

"कोण ती?"

"ती गं, स्टुलावर बसते ती. मला वाटलं, तीच नवी. लाजरी आहे, बोलत नाही, म्हटलं होईल सवय. तुम्ही दोघी पुढे असता, ती मागून येते. जिन्यावर तिघींचे पाय वाजतात. तिच्यासाठीच तर मी दार धरून उभी राहते."

मी वेड्यासारखी म्हणाले, "आजी, तो चहा मी पिते."

"ते माहितेय मला. घोट घेताना केवढा आवाज करतेस! मी मनात म्हणायची, तापातून उठल्यावर ही हावरट झालीय, नवीच्या वाटचाही पिते."

मी थोरलीकडे पाहिलं. ती हसेल, नाही म्हणेल, म्हाताऱ्या माणसाला भास होतात असं काहीतरी समजूतदार बोलेल, याची मी अगदी जीव मुठीत धरून वाट पाहिली. थोरली जमिनीवर बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचे कान दाबून धरले होते.

"मलाही ऐकू येतात," ती म्हणाली. "पहिल्यापासून. म्हणून मी मागे वळून बघत नाही."

कट्ट्यावरच्या कपातून वाफ निघत होती. त्या दिवशी मी त्याला हात लावला नाही.

आजी उठल्या. भिंतीला हात लावत स्टुलापर्यंत गेल्या आणि बसलेल्या माणसाचा खांदा जिथे येईल तिथे त्यांनी हात नेला. हवेतच ठेवला. मला काही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू? पण आजींचा हात तिथे टेकल्यासारखा राहिला, थरथरला नाही.

"काय मागितलं होतं मी?" त्यांनी थोरलीला विचारलं. "तू होतीस, सांग."

"'तिला परत माझ्या दारात येऊ दे.'"

"आणि बघ, बसलीय दारात." आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड रागाने आवळलेलं होतं. "असं नव्हतं गं मागायचं मला! जिवंत दे, असं म्हणायला हवं होतं. पण उभ्या जन्मात कधी मागितलं नाही, मला कुठून येणार नीट मागायला? बिचारी तेव्हापासून दारातच बसून राहिली. माझ्या शब्दाने."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कोट काढ."

मी काढला. त्यांनी तो झटकला, खांद्याच्या शिवणी सारख्या केल्या आणि स्टुलावर नीट ठेवला, आपण थंडी वाजणाऱ्या पोरीला पांघरूण घालतो तसा, कडेने दाबून.

"तुमच्यात एकीला एकटी सोडत नाहीत ना?" त्या म्हणाल्या. "मीही इथे एकटीच आहे. तिला आता तुमच्या मागे फिरवू नका. इथे राहू दे. आम्ही दोघी राहतो."

"आणि रविवार, आजी?" मी घाबरत विचारलं.

"रविवारी न्यायला या. मी पाण्यात उतरणार. ज्याने माझं ऐकलं, त्याला मला समोरासमोर दोन शब्द विचारायचे आहेत." त्यांनी नाक पुसलं. "साक्ष तूच दे. जे झालं ते सगळं सांग, काही गाळू नकोस. आणि धाकटी-बिकटी नाही, तुझं नाव काय गं?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा चुकीचं म्हटलं, एकदा बरोबर. त्या शहरातल्या कोणाच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला आईची इतकी आठवण आली की तिथेच हुंदका फुटला.

निघताना थोरली स्टुलासमोर क्षणभर थांबली. कोटाची बाही तिने हातात घेतली, काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही, कधीच विचारणार नाही.

जिना उतरताना मी स्वेटरवर कुडकुडत होते. पहिल्या वळणावर थोरली थांबली, कठड्याला धरलं आणि मागे वळली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. मग तिने हात पुढे केला आणि मी तो घट्ट धरला. आम्ही उतरू लागलो. मी कान देऊन ऐकत होते: तिचे पाय, माझे पाय. बस.

वर दार लागल्याचा आवाज आला. या वेळी आजींनी ते धरून ठेवलं नव्हतं.